प्रोजेक्ट अथेना : कुठेही बसा, काम तुमचेच

विद्यापीठाच्या एखाद्या संगणक कक्षाची कल्पना करा. रांगेत शेकडो यंत्रे आहेत आणि त्यांतले एकही कोणाच्या मालकीचे नाही. विद्यार्थी येतो, जी खुर्ची रिकामी दिसेल तिथे बसतो, नाव आणि पासवर्ड टाकतो. काही क्षणांत त्याच्या फायली, त्याची टपाल, अर्धवट राहिलेला त्याचा प्रोग्राम, सगळे समोर हजर. तो उठून गेला की यंत्र पुन्हा कोरे. संध्याकाळी तो दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बसला तरी सकाळी जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू करतो. आज हे आपल्याला सहज वाटते. चाळीस वर्षांपूर्वी मात्र जगात असा कक्ष या प्रमाणावर कोणी चालवून दाखवलेला नव्हता. तो उभा करण्याचे काम ज्या थोड्या ठिकाणी झाले, त्यांतले सर्वांत फलदायी म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजे एमआयटीचे 'प्रोजेक्ट अथेना'. मे १९८३ मध्ये ते सुरू झाले आणि ३० जून १९९१ रोजी प्रकल्प म्हणून संपले. या आठ वर्षांत तिथे जे घडले, त्याचा काही भाग आज जगभरातल्या कार्यालयांत, बँकांत आणि कॉलेजांत रोज चालतो.

गरज कशी उभी राहिली

एमआयटीला संगणक नवा नव्हता. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये तिथेच 'सीटीएसएस' ही कालविभाजन प्रणाली चालवून दाखवली होती. एक मोठा संगणक, त्याला जोडलेली अनेक टर्मिनले, आणि प्रत्येकाला आळीपाळीने मिळणारा वेळ, अशी ती व्यवस्था. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्र असे होते की संगणकाचा खरा वापर संगणकशास्त्राच्या आणि संशोधनाच्या वर्तुळात होत होता. स्थापत्य, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा परकीय भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या रोजच्या अभ्यासात त्याला जागा नव्हती.

अथेनाचे उद्दिष्ट नेमके हे चित्र बदलण्याचे होते. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही शाखेचा असो, संगणक अभ्यासाचे साधन म्हणून मिळाला पाहिजे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, आणि आयबीएम या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या यंत्रे, माणसे आणि पैसा घेऊन यात उतरल्या. प्रकल्पाचे पहिले संचालक स्टीव्हन लर्मन हे स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. पुढे तांत्रिक दिशा देण्याचे काम जेरोम सॉल्टझर यांनी केले. सीटीएसएसनंतरच्या 'मल्टिक्स' प्रणालीवर काम केलेला आणि सुरक्षिततेचा बारकाईने विचार करणारा हा माणूस होता.

सुरुवात जुन्याच पद्धतीने झाली. डेकचे व्हॅक्स ११/७५० हे मिनी-संगणक बसवले गेले आणि त्यांना टर्मिनले जोडली गेली. हा पहिला टप्पा गरज भागवण्यासाठी होता. खरा बेत वेगळा होता. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर स्वतःची प्रक्रियाशक्ती असलेले वर्कस्टेशन असावे, ते जाळ्याने जोडलेले असावे, आणि साठवण, छपाई, टपाल, ओळख पटवणे ही सामाईक कामे मागच्या सर्व्हरांनी करावीत. डेकचे मायक्रोव्हॅक्स आणि आयबीएमचे आरटी पीसी हाताशी आले तसा हा बेत प्रत्यक्षात उतरू लागला. जेनिफर स्टायनर, क्लिफर्ड न्यूमन आणि जेफ्री शिलर यांच्या १९८८ सालच्या शोधनिबंधात आकडे दिले आहेत : ५,००० वापरकर्ते, ६५० वर्कस्टेशन, ६५ सर्व्हर.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. वापरकर्ते यंत्रांच्या जवळजवळ आठपट. म्हणजे 'प्रत्येकाला आपले यंत्र' हा मार्ग बंदच होता. यंत्र सामाईक ठेवायचे आणि तरीही प्रत्येकाला ते आपलेच वाटले पाहिजे, हा पेच सोडवण्यातच अथेनाचे सगळे शहाणपण खर्ची पडले.

दोन कंपन्यांची यंत्रे, एकच पडदा

पहिली अडचण यंत्रांच्या भिन्नतेची होती. डेकची यंत्रे एका घडणीची, आयबीएमची दुसऱ्या. विद्यार्थ्याला मात्र दोन्हींवर तेच दिसले पाहिजे, तेच प्रोग्राम चालले पाहिजेत. त्यासाठी दोन्हींवर बर्कली परंपरेतील युनिक्स चढवले गेले. तरी पडद्यावर खिडक्या, अक्षरे, आकृत्या दाखवायचा प्रश्न उरलाच.

१९८४ मध्ये एमआयटीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेतले रॉबर्ट शाइफ्लर आणि डेककडून अथेनावर आलेले जिम गेटिस यांनी त्यासाठी एक खिडकी-प्रणाली लिहायला घेतली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'डब्ल्यू' नावाच्या प्रणालीवरून ती निघाली होती, म्हणून तिचे नाव पुढचे अक्षर, 'एक्स'. तिची मुख्य कल्पना अशी की प्रोग्राम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उघडावी. जड गणित मागच्या खोलीतला मोठा संगणक करतो आणि आलेख मात्र विद्यार्थ्यासमोर उमटतो. प्रोग्रामला पडद्याची आतली रचना माहीत असण्याची गरज नाही. त्याने फक्त ठरलेल्या भाषेत जाळ्यावरून सांगायचे : इथे रेघ काढ, इथे अक्षर लिही.

या ठरलेल्या भाषेतला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. डेकचा व्हॅक्स मोठी संख्या साठवताना तिचा लहान किमतीचा बाइट आधी ठेवतो, आयबीएमचा आरटी पीसी मोठ्या किमतीचा आधी. दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचे म्हटले तर प्रत्येक संख्या उलटीसुलटी वाचली जाणार. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर पडलेल्या 'एक्स ११' या आवृत्तीत यावर साधा तोडगा आहे. संभाषण सुरू होताना प्रोग्रामने पाठवायचा पहिलाच बाइट 'बी' किंवा 'एल' हे अक्षर असतो. 'बी' म्हणजे माझ्याकडे मोठा बाइट आधी, 'एल' म्हणजे लहान आधी. उलटापालट करावी लागलीच तर ती पडदा सांभाळणारी बाजू करते. प्रोग्राम आपल्या यंत्राच्या रीतीनेच बोलत राहतो. पुढची कित्येक दशके लिनक्स आणि युनिक्सच्या बहुतेक पडद्यांमागे हीच 'एक्स' प्रणाली होती.

एका लॉगिनमध्ये काय काय घडते

आता एका विद्यार्थिनीबरोबर अथेनाच्या यंत्रासमोर बसू. पडद्यावर नावाची आणि पासवर्डची चौकट आहे. ती दोन्ही भरते आणि एंटर दाबते. यानंतर ती फक्त थोडा वेळ थांबते. त्या वेळात यंत्र एकामागून एक कामे उरकते.

आधी तिची ओळख पटवली जाते. ते कसे, हे पुढे सविस्तर पाहू. मग यंत्र 'हेसिऑड' या नाम-सेवेला विचारते : या नावाच्या वापरकर्तीचे घर, म्हणजे तिच्या फायलींची मूळ डिरेक्टरी, कोणत्या सर्व्हरवर आहे? तिची टपाल कोणता सर्व्हर सांभाळतो? ही माहिती एकाही वर्कस्टेशनवर कायमची ठेवलेली नसते. इंटरनेटवरची नावे शोधणारी जी डीएनएस यंत्रणा आहे, तिच्यातल्या 'बाइंड' या सॉफ्टवेअरवरच हेसिऑड रचले होते. उत्तर मिळताच यंत्र तो सर्व्हर गाठते आणि तिची डिरेक्टरी जाळ्यावरून जोडून घेते. तिच्या दृष्टीने फायली त्याच यंत्रावर असतात. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या इमारतीतल्या कुलूपबंद खोलीत असतात.

वापरायचे प्रोग्रामही बहुतांशी सर्व्हरवरूनच येतात. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवायची तर ती सर्व्हरवर बदलली की पुरे, साडेसहाशे यंत्रांपुढे जाऊन बसावे लागत नाही. वर्कस्टेशनच्या स्वतःच्या डिस्कवर जपण्यासारखे काहीच नसते. यंत्र बिघडले तर ते उचलून दुसरे ठेवायचे, कोणाचेही काम बुडत नाही.

काम संपवून ती लॉगआउट करते तेव्हा सगळे उलट क्रमाने होते. डिरेक्टरी सुटी केली जाते, तिची ओळख सांगणाऱ्या खुणा पुसल्या जातात, आणि यंत्र पुढच्या माणसासाठी तयार होते.

पासवर्ड जाळ्यावर जाऊच द्यायचा नाही

अथेनातला सर्वांत खोल विचार ओळख पटवण्याच्या बाबतीत झाला. मोठ्या सामाईक संगणकावर हा प्रश्न सोपा होता. यंत्र खोलीत बंद, ताबा व्यवस्थापकाकडे, पासवर्ड यंत्रानेच तपासायचा. वर्कस्टेशन मात्र उघड्या कक्षात, कोणाच्याही हाताखाली. विद्यार्थी ते बंद करून आपल्या पद्धतीने चालू करू शकतो, त्यावरची प्रणाली बदलू शकतो, जाळ्यावरून जाणारा मजकूर टिपून ठेवू शकतो. अशा यंत्राने सर्व्हरला कळवले की 'अमुक विद्यार्थी आला आहे, मी तपासले', तर सर्व्हरने त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

अथेनाने उत्तर दिले : ठेवायचाच नाही. वर्कस्टेशनवर विश्वास नाही, जाळ्यावर विश्वास नाही. विश्वास फक्त एका जागी, कुलूपबंद खोलीतल्या ओळख-सर्व्हरवर. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या आधारे स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी जी व्यवस्था रचली तिचे नाव 'केर्बेरॉस'. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर पहारा देणारा हा तीन तोंडांचा कुत्रा. जानेवारी १९८७ पासून अथेनात ओळख पटवण्याचा तो एकमेव मार्ग झाला.

त्याचे काम असे चालते. विद्यार्थिनीने नाव टाकले की वर्कस्टेशन ओळख-सर्व्हरकडे फक्त ते नाव पाठवते. पासवर्ड पाठवत नाही. सर्व्हरकडे तिच्या पासवर्डवरून बनवलेली किल्ली आधीपासून असते. तो एक उत्तर तयार करतो, ते त्या किल्लीने कुलूपबंद करतो आणि परत धाडतो. आता वर्कस्टेशन तिने टाइप केलेल्या पासवर्डपासून किल्ली बनवते आणि कुलूप उघडून पाहते. उघडले तर पासवर्ड बरोबर, आणि लगेच तो स्मृतीतून पुसला जातो. दुसऱ्या कोणी तिचे नाव टाकून उत्तर मागवले तरी त्याच्या हाती न उघडणारी पेटी पडते.

त्या उत्तरात एक तिकीट असते. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास एकदा काढला की ठरलेल्या मुदतीत प्रत्येक गाडीसाठी नव्याने पैसे मोजावे लागत नाहीत, तसे हे तिकीट काम करते. फायली हव्यात, टपाल हवी, छपाई हवी, प्रत्येक वेळी हे मूळ तिकीट दाखवून यंत्र त्या त्या सेवेचे वेगळे तिकीट मिळवते. विद्यार्थिनीला पासवर्ड पुन्हा टाकावा लागत नाही. अथेनात या मूळ तिकिटाची मुदत आठ तास होती. ती संपली की चोरलेले तिकीटही निकामी. शिवाय तिकिटासोबत दर वेळी ताजी वेळ लिहिलेली कुलूपबंद चिठ्ठी जाते, म्हणून जाळ्यावर टिपलेला जुना संदेश पुन्हा पाठवून कोणाला फसवता येत नाही. यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळे काही मिनिटांच्या फरकात जुळलेली असावी लागतात. केर्बेरॉस चालवणारा कोणताही व्यवस्थापक आजही आधी घड्याळ तपासतो, तो यामुळेच.

हा ओळख-सर्व्हर बंद पडला तर सगळे विद्यापीठच अडेल, म्हणून त्याच्या माहितीच्या प्रती इतर सर्व्हरांवर ठेवल्या जात आणि त्या दर तासाला ताज्या केल्या जात. प्रतींवरून ओळख पटवता येई. पासवर्ड बदलायचा असेल तर मात्र मूळ सर्व्हरकडेच जावे लागे.

ही सगळी रचना लोकांना समजावी म्हणून बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. त्यात अथेना आणि युरिपिडीस ही दोन पात्रे ओळख पटवणारी प्रणाली रचायला बसतात. एक उपाय मांडते, दुसरे त्यात फट दाखवते, पुन्हा नवा उपाय. फटी बुजवत बुजवत शेवटी केर्बेरॉस तयार होतो. अवघड विषय कसा शिकवावा याचा हा नमुना आहे आणि संगणक सुरक्षिततेच्या अभ्यासक्रमांत तो अजून वाचला जातो.

हजारो विद्यार्थ्यांचा संसार

दरवर्षी नवे विद्यार्थी येणार, जुने जाणार. प्रत्येकाचे खाते हाताने उघडायचे तर कर्मचाऱ्यांचा सत्राचा पहिला महिना त्यातच जाईल. अथेनात ही सगळी नोंद 'मोइरा' या मध्यवर्ती माहितीसाठ्यात ठेवलेली असे. निबंधकांच्या कार्यालयातून आलेली यादी त्यात आधीच भरलेली. नव्या विद्यार्थ्याने कोणत्याही वर्कस्टेशनसमोर बसायचे, आपले नाव आणि विद्यापीठाचा ओळख क्रमांक द्यायचा, लॉगिनचे नाव आणि पासवर्ड निवडायचा. पुढचे सगळे मोइरा करी. फायलींसाठी जागा, टपालपेटी, हेसिऑडमधली नोंद, सगळे त्यातूनच इतर सर्व्हरांपर्यंत पोचे.

'झेफर' ही सेवा निरोप पोचवी. एखादा फाइल सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करायचा असेल तर सूचना फक्त त्यांच्याच पडद्यावर उमटे ज्यांच्या फायली त्या क्षणी त्या सर्व्हरवरून जोडलेल्या आहेत. हीच सेवा विद्यार्थी एकमेकांशी बोलायला वापरू लागले. इन्स्टंट मेसेजिंग हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. मदतीसाठी 'ऑनलाइन कन्सल्टिंग' होते. यंत्रावरूनच प्रश्न विचारायचा, दुसऱ्या टोकाला बसलेला सल्लागार उत्तर देणार. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरेही तिथे साठवलेली असत.

आणि हे सगळे ज्यासाठी, ते शिक्षण? त्यातले एक सुंदर उदाहरण परकीय भाषांच्या वर्गातले आहे. अथेनाच्या भाषाशिक्षण प्रकल्पात फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी व्हिडिओडिस्कवर एक संवादी गोष्ट तयार झाली. तिच्यातला नायक फिलिप हा पॅरिसमधला तरुण पत्रकार. प्रेयसीशी बिनसले आहे आणि त्याला राहायला जागा शोधायची आहे. विद्यार्थ्याने त्याला मदत करायची : जाहिराती वाचायच्या, फोनवरचे निरोप ऐकायचे, जागा पाहायच्या. विद्यार्थी काय ऐकतो आणि काय निवडतो त्यावर गोष्टीचा शेवट बदले. पाठ्यपुस्तकातल्या फ्रेंचऐवजी रस्त्यावरचे भरभर बोलले जाणारे फ्रेंच समजून घ्यावेच लागे. वर्कस्टेशनच्या खिडकीत चालते चित्र दाखवणे तेव्हा अत्यंत अवघड होते, तरी ते साधले गेले, आणि तेही भाषेच्या वर्गासाठी.

वारसा आणि आपण

याच काळात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साहाय्याने 'अँड्र्यू' प्रकल्प चालू होता. तिथे घडलेली 'एएफएस' ही फाइल व्यवस्था पुढे अथेनाने स्वीकारली. अथेनातला केर्बेरॉस एएफएसच्या कामी आला. दोन विद्यापीठांनी एकमेकांचे चांगले ते घेतले आणि दोन्हींचे काम बाहेरच्या जगाला खुले झाले.

१९९१ मध्ये प्रकल्प संपला, पण कक्ष बंद झाले नाहीत. एमआयटीच्या संगणक विभागाने ती व्यवस्था ताब्यात घेतली आणि अनेक दशके चालवली. केर्बेरॉसची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये इंटरनेटच्या मानकांत नोंदली गेली. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून आपल्या डोमेन जाळ्यात ओळख पटवण्याची मुख्य पद्धत म्हणून ती स्वीकारली. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या बँकेत किंवा नागपुरातल्या एखाद्या कॉलेजात विंडोज डोमेनवर कोणी लॉगिन करते, तेव्हा आत तिकिटांची हीच देवाणघेवाण चालते.

तंत्र आपल्यापर्यंत पोचले, त्यामागचा विचार मात्र अजून सगळीकडे पोचलेला नाही. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत संगणक लॅब म्हणजे एकेकटी यंत्रे. सगळ्यांना एकच लॉगिन, पासवर्ड फळ्यावर लिहिलेला. विद्यार्थ्याचे प्रॅक्टिकल ज्या यंत्रावर राहिले, पुढच्या आठवड्यात त्याच यंत्रासाठी त्याला थांबावे लागते. नाहीतर पेन ड्राइव्ह खिशात घेऊन फिरायचे आणि त्यासोबत व्हायरसही एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा. एका यंत्राची डिस्क गेली की एका तुकडीचे काम गेले.

हे बदलायला अथेनाइतका पैसा लागत नाही. तिथे जे शून्यातून लिहावे लागले ते आज तयार आहे आणि फुकट आहे. लिनक्स, केर्बेरॉस, खात्यांची नोंद ठेवणारे ओपनएलडॅप, फायली जाळ्यावरून पुरवणारे सांबा आणि एनएफएस यांपैकी कशालाच परवाना शुल्क नाही. एक बऱ्यापैकी सर्व्हर, त्याच्या डिस्कची रोज घेतली जाणारी प्रत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते एवढ्यावर सुरुवात होते. जुनी, मंद यंत्रेही अशा व्यवस्थेत आणखी काही वर्षे कामाला येतात, कारण साठवण सर्व्हरकडे जाते आणि जड काम हवे तर सर्व्हरवर चालवता येते. हे उभे करण्याचे काम शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिले, तर संगणक जाळे, सुरक्षितता आणि प्रणाली व्यवस्थापन हे तीन विषय ते एकाच वेळी हाताने शिकतील.

लॅबप्रमुखांना आणि प्राचार्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे. पुढची खरेदी करताना यंत्रे किती, एवढाच प्रश्न विचारू नका. विद्यार्थी कोणत्याही खुर्चीवर बसला तर त्याचे काम त्याच्यासमोर येईल का, आणि दुसऱ्या कोणाला ते उघडता येणार नाही ना, हेही विचारा. या दोन प्रश्नांना 'हो' म्हणता येईल अशी लॅब या शैक्षणिक वर्षात एक तरी उभी करा.